कुमुदआत्तीनं भाजलेलं मीठ

"आत्ती, फडताळातल्या तीन बरण्या कुठं गेल्या?"

"कुठल्या?"

"काळा कागद गुंडाळलेल्या. अ, आ, इ लिहिलेल्या."

कुमुदआत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याकडंच राहते, आणि स्वयंपाकघर तिचं. ती परातीत लिंबाच्या फोडी कालवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "धुऊन पालथ्या घातल्यात की ओट्यावर."

मी ओट्याकडं बघितलं. तीन बरण्या, पालथ्या, चकचकीत. शेजारी काळे कागद, घडी घातलेले. आत्ती कागद कधी टाकत नाही.

"आणि त्यातलं मीठ?"

"ते होय. कसलं घाण झालं होतं गं ते. ओल लागून पिवळं पडलेलं. एक तर चहासारखं. म्हटलं टाकायचं कशाला, लोणच्याला मीठ भाजायचंच आहे, त्यातच घालू. काल संध्याकाळी घातलं कढईत. बघ तरी कसं निघालं." तिनं हळदीचं बोट परातीत दाखवलं. "पांढरं शुभ्र. थोडं डब्यात उरलंय. वाचवलं मी तुझं मीठ."

"तिन्ही एकत्र भाजलंस?"

"मीठ ते मीठ," आत्ती म्हणाली आणि फोडी कालवायला लागली.

मी खाली बसले. फरशीवरच. त्या दिवशी शुक्रवार होता आणि रविवारी सांगलीला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं.

त्या मिठाला काय झालं होतं ते सांगते, नाहीतर मी एवढी का बसले ते कळायचं नाही. मी तेव्हा आठवीत होते. मीठ पाण्यात विरघळवून त्याचे परत खडे केले होते, तीन तऱ्हांनी. एक भांडं सावलीत ठेवून, महिनाभर हात न लावता. एक गच्चीवर उन्हात. आणि एक गॅसवर उकळून, तासाभरात. सावलीतले खडे चौकोनी, काचेसारखे; उकळलेलं नुसतं भरड. मीठ एकच, पाणी एकच, बनवायची तऱ्हा तेवढी वेगळी. मग माझा सुहासमामा जिथं कामाला आहे तिथं, म्हणजे मसाल्याला गामा किरण देऊन त्यातले किडे-जंतू मारतात त्या कारखान्यात, हळदीच्या खोक्यांबरोबर माझी तिन्ही मिठं आत जाऊन आली. जाताना पांढरी. येताना एक मधासारखं, एक कोऱ्या चहासारखं, एक फिकट पिवळं. उजेडात ठेवलं तर रंग उडतो, म्हणून काळा कागद.

म्हणजे किरण सगळ्यांना सारखेच लागले, पण मीठ कसं बनलं होतं त्याप्रमाणं रंग वेगळा आला. हेच माझं प्रदर्शन होतं. हे आमच्या बेडगे सरांच्या गळी उतरवायला मला दोन महिने लागले होते. त्याआधी मी वर्गात हजेरीपुरती बोलायचे. सरांचा प्रश्न एकच असायचा, "यात फिरतं काय?" त्यांच्या मते प्रदर्शनात एक तर काहीतरी फिरलं पाहिजे, नाहीतर काहीतरी पेटलं पाहिजे. मी एकदा अ, आ, इ, प्रत्येकातले दोन-दोन खडे काळ्या कागदाच्या पुडीत बांधून त्यांना दाखवायला नेले, तर त्यांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "आवटी, नुसतं मीठ बघायला कोण थांबणार?"

आता तर नुसतं मीठच उरलं होतं. तेही लोणच्यात.

मी सुहासमामाला फोन केला. तो म्हणाला, "स्वरूपा, तेव्हाच सांगितलं होतं. साहेब एकदाच हो म्हणालेत. आणि रविवारच्या आत तर शक्यच नाही."

रात्री जेवताना बाबांनी वेगळंच काढलं. "ते लोणचं आता खायचं का?"

"का?"

"किरणं लागलेलं मीठ आहे ना ते."

"बाबा, किरण लागले आणि निघून गेले. मिठात राहत नाहीत. तुम्ही उन्हात जाऊन आल्यावर अंधारात उजेड पाडता का?"

"तरी पण." बाबांनी लोणच्याची बरणी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. झाकणावर वीट.

"विटेनं काय होणार आहे?"

"असू दे."

आई जेवत होती. ती मिरजेतच एका दवाखान्यात एक्स-रे काढते. ती शांतपणे म्हणाली, "मी रोज त्या खोलीत असते. मला घेता की घरात." बाबांनी पुढचा घास घेतला. वीट मात्र तिथंच राहिली. आणि आत्तीनं, जिच्यामुळं हे सगळं झालं तिनं, मला विचारलं, "आपले दिवे मिचमिचतायत का गं?"

"नाही."

"नाही ना? बरं."

शनिवारी सकाळी बेडगे सरांचा फोन. त्यांना सगळं सांगितलं. ते एकदम उत्साहात आले. "मग प्रश्नच मिटला. गेल्या वर्षीचं ठिबक सिंचन माळ्यावर आहे. मोटर तेवढी बदलू. तू पाठ करून ये."

"सर, ते माझं नाही."

"शाळेचं आहे ना. मग."

मी फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. तेवढ्यात आत्ती पेपर घेऊन आली. "जरा वाचून दाखव."

"तू वाच की."

"तू वाच गं. श्रद्धांजलीचं पान आधी."

"आत्ती, दिवाळीनंतर तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून बारीक अक्षरसुद्धा वाचतेस तू. सुईत दोरा ओवतेस. काल ते क्रोशाचं तोरण अर्धवट टाकलंस, आज पेपर मला. माझं काय झालंय ते तुला दिसत नाही का?"

"दिसत नाही," ती म्हणाली. मग पेपरची घडी घातली, आणखी एक घातली. "म्हणजे दिसतंय. पण जपून वापरावं म्हटलं."

"काय जपून?"

"डोळा."

"डोळ्याला काय झालं?"

"तुला काय करायचंय. तुझं प्रदर्शन बघ."

"आत्ती."

"ओरडू नकोस. मेधा कामावर निघालीय, तिला ऐकू जाईल."

आई दारातच उभी होती, खांद्याला पर्स. "गेलंच," ती म्हणाली. "काय झालं वन्सं?"

आत्ती आधी नाहीच म्हणाली. मग तोरणाच्या दोऱ्याबद्दल बोलली. मग म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी लाईट गेली होती. अंधारलेलं. हिचं ते मीठ कढईत टाकलं, तडतडायला लागलं, आणि डोळ्यापुढं निळं निळं चमकलं. काजव्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यात उजेड चमकला तर तसंच उठून यायचं, आतला पडदा सुटतो म्हणून."

"मग गेला का नाहीत?" आईनं पर्स खाली ठेवली.

"हिचं प्रदर्शन, तुझी ड्युटी. आणि गेले की पुन्हा डोळा उघडणार. मी नाही टेबलावर झोपत परत."

मला माझं सगळं विसरायला झालं. "आत्ती, नीट सांग. चमकलं ते डोळ्यात की कढईत?"

"कढईत."

"मग डोळ्याचा काय संबंध?"

"कढईत मीठ चमकतं का कुठं?" आत्ती म्हणाली. "म्हणजे डोळ्यातच."

मी आईकडं बघितलं. पण आई माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती. "तापवल्यावर चमकलं," ती हळू म्हणाली. "अंधारात. अगं, हा तर आमचा बॅज."

"कुठला बॅज?"

"कामावर छातीला लावतो तो. आत छोट्या चकत्या असतात. आमच्या अंगावर किती किरण पडले ते त्या साठवून ठेवतात. तीन महिन्यांनी बॅज पाठवायचा. तिकडं तो तापवतात, आणि उजेड किती पडला ते मोजतात. जेवढे किरण, तेवढा उजेड." ती थांबली. "इतकी वर्षं लावते. उजेड कधी बघितला नाही मी."

मी पळत जाऊन दप्तर उलटं केलं. कंपासपेटी. पुडी. सरांनी न उघडलेली. सहा खडे होते, प्रत्येक बरणीतले दोन.

"तीन आत्ता," आई म्हणाली. तिनं तोवर दवाखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं होतं, आणि डोळ्याच्या डॉक्टरांची दुपारची वेळही घेतली होती, आत्तीला न विचारता. "तीन उद्याला ठेव. तिथं अंधार लागेल, तर एका खोक्याला आतून काळा कागद लावू, बाबांची जुनी शेगडी नेऊ. तुझ्या सरांना पेटणारं पाहिजे ना, हे घे पेटणारं."

मला तर उडीच मारावीशी वाटली. तीन रंगांच्या बरण्यांपेक्षा हे कितीतरी भारी होतं. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला सोलापुरी चादर लावली, फटीत टॉवेल कोंबले, गॅसवर तवा कडकडीत तापवला आणि गॅस बंद केला. दार लावल्यावर आत काळोख. मी चाचपडत चिमट्यानं खडे ठेवले, डावीकडून उजवीकडं, अ, आ, इ. आत्तीला तव्यासमोर उभं केलं होतं.

"बघ हं आत्ती. तव्याकडं बघ."

तड झालं, आणि तव्यावर निळसर, फिकट, अगदी छोटा उजेड फुलला. आई माझ्या कानाशी "अगं बाई" म्हणाली. मी बघत राहिले नाही, आत्तीच्या दिशेला वळले, कारण तिचं तोंड बघायचं होतं मला. अंधारात काय दिसणार. वळेपर्यंत सगळं विझलं.

"दिसलं?"

आत्ती मागं सरकल्याचं तेवढं कळलं.

"आत्ती, दिसलं ना? मिठातच होतं ना?"

"मला नाही दिसलं."

"असं कसं? आम्हा दोघींना दिसलं."

"मी डोळे मिटले होते."

आईनं दिवा लावला. आत्ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

"का मिटलेस?"

"तडतडलं. भीती वाटली."

"अगं, पण बघायचंच होतं ना?"

"तेच तर. नाही दिसलं असतं म्हणजे?"

मी तवा पुन्हा तापवला. तेच तीन खडे. काही नाही. पुन्हा तापवला. नुसता काळोख. एकदा तापले की आतलं सगळं देऊन टाकतात, परत मागून मिळत नाही. पुडीत आता तीन राहिले होते. ते उद्याचे होते.

"आत्ती, आम्ही सांगतोय ना. मीठच चमकतं. आईसुद्धा सांगतेय."

"तुम्ही बरं वाटावं म्हणून सांगाल."

"वन्सं, दुपारी डॉक्टर बघतीलच की," आई म्हणाली.

"मी येत नाही. ते पडदा सुटला म्हणतील, आणि आजच झोपवतील."

"मग घरात बसून काय कळणार?"

"कळायला नकोच आहे मला."

असा वाद. तो किती वेळ चालला असता देव जाणे. आत्तीला एखादी गोष्ट पटवायची म्हणजे ओल्या लाकडानं चूल पेटवायची. मी पुडी कंपासपेटीत ठेवली, बाहेर काढली, परत ठेवली. बेडगे सर डोळ्यांपुढं आले, त्यांची ती ठिबक सिंचनाची मोटर आली. आणि आत्ती मात्र स्टुलावर बसून डावा डोळा तळहातानं झाकून कॅलेंडरकडं बघत होती. मग उजवा झाकून. आम्ही बघतोय हे तिला कळलंच नाही. दोन दिवस ती हेच करत होती, म्हणजे.

"ऊठ," मी म्हणाले.

"कुठं?"

"तव्यापाशी. आणि या वेळी मिटलेस ना, तर मी त्या लोणच्यात पाणी ओतीन."

"बोलणं बघ कसं झालंय हिचं," आत्ती म्हणाली, पण उठली.

"स्वरूपा," आई म्हणाली. "उद्याचं काय?"

"माहीत नाही."

दिवा बंद. तवा तापलेला. मी चिमटा धरला आणि आत्तीचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. "उघडेत?"

"उघडेत."

"नक्की?"

"टाक की गं एकदाचे."

अ. आ. इ. तड, तड. माझी नजर तव्यावर नव्हती, माझं सगळं लक्ष त्या मनगटात होतं. ते आधी ताठलं. मग थोड्या वेळानं सैल पडलं.

"तीन होते," आत्ती म्हणाली. "दोन बरोबर चमकले. तिसरा मागाहून."

दिवा लावल्यावर ती तव्यावर वाकून त्या तीन पांढऱ्या कणांकडं बघत होती, जवळून, मग लांबून. "मेलं मीठ," ती म्हणाली. "दोन दिवस मला पेपर वाचू दिला नाही." मग आईला, "किती वाजताची वेळ घेतलीयस? मग थांबलीस कशाला, साडी बदलते. आता काय, ते बघून नीटच म्हणणार आहेत."

ते नीटच म्हणाले. वर, असं चमकलं असताना दोन दिवस घरी बसल्याबद्दल तिला चांगलं झाडलंही.

आणि मी रविवारी सांगलीला नुसतं मीठ घेऊन गेले.

माझ्या एका बाजूला पवनचक्की होती, ती फिरत होती. दुसऱ्या बाजूला भूकंपाचा इशारा देणारी घंटा, ती सारखी वाजत होती. मधे मी, एक तक्ता, एक बशी पांढरं मीठ, तीन रिकाम्या बरण्या आणि लोणच्याची बरणी. ती आत्तीनं आणली होती. सोबत यायचंच म्हणाली, आणि बरणीही घ्यायचीच म्हणाली. "तुझं मीठ यातच आहे. दाखवायला नको?" बेडगे सर दोनदा येऊन माझ्या टेबलाकडं बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा हळूच म्हणाले, "लोणचं तरी टेबलाखाली ठेव."

"राहू दे सर," मी म्हणाले. "विचारतील तेव्हा सांगीन."

परीक्षक दोघं होते. एक गृहस्थ, त्यांना पुढं जायची घाई. आणि एक बाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या.

"यात दाखवण्यासारखं काय आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "होतं, ते काल संपलं."

बाई थांबल्या. मग मी सांगितलं. सगळं. तीन तऱ्हांची मिठं, गामा किरण, मध, चहा, पिवळा. घाईत बांधलेल्या घरात जशा फटी नि कोपरे राहतात, तशा खड्यात रिकाम्या जागा राहतात, किरण लागले की आतले बारीक कण उडून त्या जागांत अडकतात, आणि तापवलं की सुटून घरी परत येतात. येताना उजेड टाकतात. आईचा बॅज. आत्तीची कढई. शेजारी घंटा वाजत होती तर मी तिच्यावर आवाज काढून बोलले. वर्गात हजेरी देणारी मी हीच का, असं बेडगे सरांच्या तोंडावर दिसत होतं.

"आणि हे लोणचं?"

"नमुना अ, आ, इ," मी म्हणाले. "एकत्र."

"खाण्याजोगं आहे?" गृहस्थ जरा मागं सरकले. मी झाकण उघडलं, एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. दोनच दिवसांचं लिंबू, कडूजहर. मी चावून गिळली. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही.

"कडू आहे," मी म्हणाले. "पण ते किरणांनी नाही."

बाई हसल्या. "बघू," म्हणून त्यांनी हात पुढं केला, तर आत्तीनं बरणी मागं ओढली.

"मुरलं नाही अजून. संक्रांत झाल्यावर या."

"तुम्हीच का त्या? चमकताना तुम्ही स्वतः बघितलंत?"

"दोनदा," आत्ती म्हणाली. "मधल्या वेळी डोळे मिटले होते."

"काय दिसलं?"

"निळं. तीन खडे होते. दोन बरोबर चमकले, तिसरा मागाहून."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "कुठला मागाहून?"

"डावीकडचा. मोठा होता जरा."

मी आत्तीकडं बघितलं. डावीकडचा म्हणजे अ. सावलीत महिनाभर बसून बनलेला. हे मी विचारलंच नव्हतं तिला. मी तिचं मनगट धरून उभी होते.

"मोठा होता म्हणून उशिरा तापला," बाई मला म्हणाल्या, "की सावकाश बनला म्हणून उशिरा चमकला?"

पवनचक्की फिरत होती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"छान," बाई म्हणाल्या. "मलाही नाही. शोध आणि कळव." त्यांनी माझ्या तक्त्याच्या कोपऱ्यात आपला पत्ता लिहिला. गृहस्थ तोवर पवनचक्कीपाशी पोचले होते. नंबरही पवनचक्कीलाच मिळाला.

परतताना रिक्षात आत्ती बरणी मांडीवर घेऊन बसली होती, बाहेरच्या दुकानांच्या पाट्या एकेक वाचत. लांबच्यासुद्धा. मी तोंडातला कडूपणा जावा म्हणून थुंकी गिळत होते.

"या वेळी सगळे खडे एका मापाचे घे," ती एकदम म्हणाली. "आणि नावं नीट लिही. अ, आ, इ काय. मला वाटलं बालवाडीचं काहीतरी."

"आत्ती, सुहासमामाचे साहेब एकदाच हो म्हणाले होते."

"त्यांना लोणचं पाठवू."

"ते कुठल्या मिठाचं आहे माहितीय ना?"

"मुरू दे की आधी," आत्ती म्हणाली आणि पुढची पाटी वाचली.